अडकित्त्याने कापलेली गोळी

आमच्या घरात दोन माणसं एकच गोळी घ्यायची. सासरे फिट येऊ नये म्हणून, आणि मी भीतीने जीव जाऊ नये म्हणून. गोळीचं नाव क्लोनाझेपाम. त्यांच्या पाकिटावरचा आकडा मोठा आणि गोळी पांढरी, माझ्या पाकिटावरचा लहान आणि गोळी गुलाबी, बाकी औषध तेच. मी दोन्ही चिठ्ठ्या पुढे केल्या की धुळ्यातला आमचा औषधवाला एकदा चिठ्ठ्यांकडे आणि एकदा माझ्याकडे बघायचा. चिठ्ठीशिवाय ही गोळी मिळत नाही आणि मिळू नये हेही बरोबरच आहे, पण त्याच्या त्या बघण्याने मला उगाच काहीतरी चोरून न्यायला आल्यासारखं व्हायचं. शेवटी एकदा मी त्याला सांगूनच टाकलं, की भाऊ, आमच्याकडे गोळ्यांचा धंदा नाही, आमच्याकडे माणसंच तशी आहेत. त्यानंतर तो मुकाट्याने पाकीट द्यायला लागला.

सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणतो, म्हणून मीही आबाच म्हणते. खूप वर्षांपूर्वी ते मोटारसायकलवरून पडले आणि डोक्याला मार बसला. जखम भरली, टाके निघाले, आणि त्यानंतर फिट यायला लागल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात दोन गोष्टी पक्क्या होत्या. एक, आबांना तिन्ही वेळच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या पाहिजेत. दुसरी, आबांना आग, विहीर, शिडी आणि गाडी या चार गोष्टींपाशी एकटं जाऊ द्यायचं नाही. विहीर, शिडी आणि गाडीचं त्यांना काही वाटलं नाही. आग सोडणं मात्र फार जड गेलं.

कारण आबा भरीत करायचे. खानदेशात भरीत सगळेच करतात, प्रत्येकाला आपलंच चांगलं वाटतं आणि त्यावरून भांडणंही होतात. पण आबांच्या भरिताबद्दल भांडण नव्हतं. चंपाषष्ठीला आमच्या शेतात भावकी जमायची, आबा कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवायचे आणि हिरवट-पांढरी मोठाली वांगी त्या जाळात अशी फिरवायचे की साल काळी ठिक्कर आणि आतला गर लोण्यासारखा. बाकीचे लोक नुसते मिरच्या तोडायला आणि कांद्याची पात चिरायला. फिट सुरू झाल्यावर हे सगळं बंद झालं. दुसरं कुणीतरी वांगी भाजायचं आणि आबा लांब खाटेवर तोंड फिरवून बसायचे. त्या भरिताला ते हात लावायचे नाहीत. पोट बिघडलंय म्हणायचे, आणि दरवर्षी नेमकं चंपाषष्ठीलाच त्यांचं पोट बिघडायचं.

मेंदूच्या डॉक्टरबाईंनी गोळ्या बदलून बघितल्या, वाढवून बघितल्या. मोठी गोळी एक आणि तिच्या जोडीला ही, असं गणित शेवटी जमलं. सुरुवातीला आबा झोपाळल्यासारखे असायचे, चालताना भिंतीला हात लावायचे. म्हणून बाईंनी ही गोळी थोडी-थोडी करून वाढवली आणि सकाळ, दुपार, रात्र अशी वाटून दिली. आणि फिट थांबल्या. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. आबांनी तपासणीला गेल्यावर न राहवून विचारलंच, ‘‘बाई, आते आग पेटाडू का?’’ बाई हसल्या. म्हणाल्या, ‘‘ही दिवाळी फिटशिवाय जाऊ द्या. मग चंपाषष्ठीला भाजा वांगी, पण शेजारी कुणीतरी उभं पाहिजे.’’

घरी आल्यावर मला म्हणाले, ‘‘काड्या भरी ठेव. ओल्या व्हवाले नको.’’ तेव्हा अजून उन्हाळा चालला होता.

आता माझं सांगते. माहेर जळगावचं, सासर धुळ्याचं, मधला रस्ता एरंडोल आणि पारोळ्याचा. तो मी इतक्या वेळा केलाय की डोळे मिटूनही कुठलं वळण आलं ते सांगू शकते. अशाच एका येण्यात, पारोळ्याच्या अलीकडे, खिडकीशी बसलेली असताना, काहीही कारण नसताना, छातीत धडधड सुरू झाली. हाताला मुंग्या, घशात गोळा, घाम. मला वाटलं, झालं, आपण आता या बसमध्ये मरणार. शेजारच्या बाईचा हात मी इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या वाढल्या. कंडक्टरने बस सरळ दवाखान्यापाशी न्यायला लावली. ईसीजीची पट्टी काढली, हृदय ठीक. रक्त ठीक. साखर ठीक. तिथल्या डॉक्टरांनी गॅस म्हणून गोळी दिली.

मग पुन्हा झालं. बाजारात, बँकेच्या रांगेत, एकदा तर भाचीच्या हळदीत. नवरा वीज कंपनीत, त्याने माझ्या छातीची पट्टी इतक्यांदा काढून आणली की त्या कागदांची एक पिशवी झाली. आईने जळगावहून मीठ-मोहरी ओवाळायला सांगितलं. जावेने सांगितलं, रिकामं डोकं असतं ना, म्हणून. मी सकाळी सातपासून पाळणाघर चालवते, बारा-तेरा पोरं माझ्या अंगाखांद्यावर असतात, आणि हिला माझं डोकं रिकामं दिसलं. तेव्हा मला खरंच तिचा गळा धरावासा वाटला होता. पण झालं असं, की मी बसमध्ये बसणं सोडलं. मग बाजार सोडला. मग पाळणाघरापलीकडे कुठे जाणंच सोडलं. जळगाव एवढ्याशा अंतरावर, आणि दीड वर्ष मी आईला भेटले नाही. तीच यायची, आणि येताना रडायची.

मनाच्या डॉक्टरांकडे आबांनी नेलं. नवरा म्हणत होता, लोक काय म्हणतील. आबा म्हणाले, ‘‘मना डोकानं डॉक्टर चालस, मंग तिना मननं काब्र नही?’’ माझ्या डोक्याला डॉक्टर चालतो तर तिच्या मनाला का नको, या त्यांच्या एका वाक्यासाठी मी त्यांचं आयुष्यभर ऐकेन असं मला तेव्हा वाटलं होतं. पुढे तसं झालं नाही, ते सांगतेच.

डॉक्टर तरुण होते आणि घाईत नव्हते. त्यांनी सांगितलं, की याला पॅनिक म्हणतात, हे हृदयाचं नाही, आणि तुम्ही यात मरणार नाही. दोन गोळ्या लिहून दिल्या. एक रोजची, जिचा गुण यायला काही आठवडे लागतात. आणि तोपर्यंत तग धरायला ही दुसरी, पाव मिलिग्रॅम सकाळी आणि पाव संध्याकाळी, नंतर जरा वाढवून. तेव्हाच स्पष्ट बजावलं, की हिची शरीराला सवय लागते, ही लांबवायची नाही, पण एकदम बंदही करायची नाही. मी सांगेन तेव्हा, मी सांगेन तशी, पायरी-पायरीने उतरवायची. घेतल्यावर गाडी चालवू नका, दुसऱ्या कुणाला देऊ नका. मी मान डोलावली. घरी येऊन नाव वाचलं तर हीच ती आबांची गोळी. आबांना सांगितल्यावर ते एवढे खूश झाले, की जणू मी त्यांच्या वर्गात दाखल झाले होते.

‘‘चांगली शे,’’ म्हणाले. ‘‘फक्त पहिला दिन झोप येस.’’

झोप आलीच. पोरांना झोपवता-झोपवता मीही त्यांच्यात झोपून गेले आणि एका पोराने माझ्या केसांना खेळण्यातले चिमटे लावून ठेवले. पण हळूहळू घशातला गोळा विरघळला. बाजारात गेले. बँकेत गेले. कधी धडधड झाली तरी ती येऊन जाते हे कळायला लागलं. आबांनी काड्या भरायला लावल्या त्याच वर्षी, आषाढाच्या तोंडावर, डॉक्टर म्हणाले, आता रोजची गोळी तशीच चालू ठेवून ही उतरवायला लागू.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. चातुर्मासात आमच्याकडे प्रत्येक जण काहीतरी सोडतो. वांगं तर सगळेच सोडतात, ते चंपाषष्ठीला भरिताने सुटतं. त्याशिवाय आपल्या आवडीची एक गोष्ट. आणि ती एकट्याने सोडायची नाही. जो सोडेल त्याच्याबरोबर घरातल्या आणखी एकाने तीच गोष्ट सोडायची. त्याला जोडीदार म्हणतात. एकाचा मोह झाला तर दुसरा धरतो, असा त्यामागचा विचार. आबांच्या जोडीदार सासूबाई. आबांनी चहा सोडला तर त्यांचाही बंद, त्यांनी गोड सोडलं तर आबांचंही. सासूबाई गेल्या त्या वर्षापासून आबांनी काही सोडलं नाही. वांगं तेवढं सोडायचे, बाकी विचारलं तर म्हणायचे, ‘‘एकलाना नेम टिकत नही.’’

तर आषाढी एकादशीच्या दिवशी सगळे फराळाला बसलेले असताना कोण काय सोडतंय अशी बोलणी निघाली. नवऱ्याने सांगितलं, मी शेव सोडतो. सगळे हसले, कारण त्याची शेव दरवर्षी आठवड्याभरात परत यायची. मला विचारलं. मी म्हटलं, ‘‘मी गोळी सोडतेय.’’ थट्टेत म्हटलं. आणखी हशा झाला. आबा हसले नाहीत, पण ते खाताना तसेही कमीच हसतात, त्यामुळे माझ्या ते लक्षात आलं नाही.

गोळी पायरीने उतरवायची म्हणजे तुकडे करायचे. आणि ती एवढीशी गोळी सुरीने कापायला गेलं की अर्धी उडून कपाटाखाली जाते आणि उरलेल्या अर्धीचा भुगा होतो. दोन दिवस माझी ती कसरत बघून आबांनी हात पुढे केला. ‘‘आन आठे.’’ पानाच्या डब्यातून अडकित्ता काढला. तंबाखू ते खात नाहीत, पण सुपारी आणि लवंग लागते, आणि सुपारी ते अशी कातरतात की पातळ, सारख्या चकत्या पडतात. अडकित्ता पुसला, गोळी मधल्या रेघेवर धरली, हलकेच दाबली. दोन अर्ध्या. मग पुन्हा. चार पाव. भुगा नाही, काही नाही. मला एवढा आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की आबा ओट्यावर बसून माझी गोळी कापून द्यायचे. आज केवढी, असं विचारायचे. मी सांगायचे. डॉक्टरांनी एक पायरी खाली उतरवली की मी येऊन सांगायचे, आबा, आता अजून पाव कमी. ते मान डोलवायचे आणि शांतपणे कापायचे. पायरी उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस वाईट जायचे. झोप उडायची, कुणी भांडं आपटलं तरी दचकायचे, सगळ्यांवर ओरडायचे. आबांवरही ओरडले असेन. तेही त्या दिवसांत जरा चिडचिडे असायचे, हात थरथरायचा. मी म्हणायचे, वय. नवरा म्हणायचा, तुझ्या संगतीने. आणि तो हसायचा. आज आठवलं की मला त्याच्या त्या हसण्याचा राग येतो, पण त्याला तरी काय माहीत.

त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर नवऱ्याचं लक्ष असायचं. पाकीट वेळेवर संपत होतं. सकाळची, दुपारची, रात्रीची, सगळ्या जागा वेळेवर फुटत होत्या. त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

भाद्रपदातला एक रविवार. सकाळची वेळ, पाळणाघराला सुट्टी. आबा ओट्यावर पेपर वाचत होते आणि मी आत कणीक मळत होते. काचेचा पेला पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, आबा, राहू द्या, पायाला लागेल, मी येते. उत्तर नाही. बाहेर आले तर आबा खुर्चीतून खाली घसरले होते, मान एका बाजूला ओढलेली, सगळं अंग काठीसारखं ताठ, आणि मग झटके सुरू झाले.

माझ्या लग्नापासून त्यांच्या फिट मी पाहिल्या होत्या, पण दोनेक वर्षांत सवय मोडली होती. शेजारच्या काकू एका हातात कांदा आणि एका हातात चप्पल घेऊन धावत आल्या. त्यांच्या मागून त्यांचा जावई चमचा घेऊन. मी ओरडले, ‘‘चमचा तोंडात घालायचा नाही! मागे व्हा सगळे!’’ माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. काचा बाजूला सारल्या, डोक्याखाली टॉवेल दिला, आबांना कुशीवर वळवलं. लाळ बाहेर पडू दिली. झटके थांबेनात. डॉक्टरबाईंनी अशा वेळेसाठी नाकात मारायचा एक फवारा देऊन ठेवला होता, त्यातलं औषध याच गोळीच्या कुळातलं. इतकी वर्षं तो कपाटात नुसता होता. पाच मिनिटांच्या वर गेलं तर मारा, असं सांगितलेलं. मी घड्याळ बघितलं आणि मारला. झटके सैल झाले. मग अँब्युलन्स आली, आणि तिच्यात पुन्हा एक फिट आली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘गोळी चुकली का?’’ नवरा म्हणाला, एकही नाही, पाकीट दाखवतो. ताप नाही, जागरण नाही, पिणं तर नाहीच नाही. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. आबा अतिदक्षता विभागात, डोळे मिटलेले, नाकात नळी. मला नवरा म्हणाला, घरी जाऊन त्यांचे कपडे आण, आणि पानाचा डबाही आण, शुद्धीवर आले की पहिला तोच मागतील.

घरी आले. ओट्यावर पेपर तसाच पडलेला, कणीक वाळून गेलेली. कपडे घेतले. डबा उचलला, आणि आत अडकित्ता आहे ना बघावं म्हणून उघडला. वरच्या खणात सुपारी आणि लवंगा. खालच्या खणात, जिथे पूर्वी सासूबाई कात ठेवायच्या, तिथे गोळीचे तुकडे. पांढरे, नीट कापलेले पाव-पाव तुकडे. खूप. आणि ते माझे नव्हते, कारण माझी गोळी गुलाबी.

मी तिथेच जमिनीवर बसले. माझ्या प्रत्येक पायरीबरोबर ते एक पायरी उतरले होते. माझी पाव कमी, त्यांची पाव कमी. ते माझे जोडीदार झाले होते.

आणि मग मला आलं. ओट्यावर आबांना धरताना माझी भीती कुठे गेली होती कोण जाणे, ती आता सगळी एकदम आली. छाती, घसा, मुंग्या, सगळं पूर्वीसारखं. घरात कुणी नाही, आणि मांडीवर त्या गोळ्यांचा ढीग. एक तुकडा जिभेखाली ठेवला असता तर अर्ध्या-पाऊण तासात निवले असते. मी धीराची आहे म्हणून घेतला नाही असं नाही. मला एवढंच सुचत होतं, की यात किती तुकडे आहेत ते डॉक्टरबाईंना दाखवायचंय, आणि एकही कमी झाला तर त्यांना चुकीचा हिशेब कळेल. म्हणून मी डब्याचं झाकण लावलं आणि ते दोन्ही हातांनी दाबून धरून बसले. धडधड वाढत गेली, शिगेला पोहोचली, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी उतरली. अंग घामाने भिजलेलं. उठून तोंड धुतलं आणि रिक्षा केली.

डॉक्टरबाईंनी डब्यातले तुकडे मोजले. मग एवढंच म्हणाल्या, ‘‘वाचले ते नशीब समजा.’’

तिसऱ्या दिवशी आबा नीट बोलायला लागले. मी वाटच बघत होते. सासऱ्यांशी मी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. म्हटलं, ‘‘हा काय उपास आहे का आबा? तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? माझी गोळी वेगळी आणि तुमची वेगळी, एवढं कळत नाही तुम्हाला?’’ नर्स वळून बघायला लागली. नवरा माझा हात ओढत होता. मी थांबले नाही. आबा छताकडे बघत सगळं ऐकून घेत होते. मी दमले तेव्हा म्हणाले,

‘‘तू एकली सोडी राहिनी व्हती. एकलीले जड जास.’’

मी बाहेर जाऊन रडले. राग होताच, पण माझ्यासाठी असं कुणी काही सोडलं नव्हतं, हेही खरं होतं.

दुपारी डॉक्टरबाई आल्या, आबांच्या खाटेवरच बसल्या. आबांनी हयातीत दोन घरं बांधली, हे त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, ‘‘आबा, स्लॅब टाकताना खालून सेंट्रिंग लावतात ना? वाळला की काढतात. सूनबाईची गोळी म्हणजे सेंट्रिंग. तुमची गोळी म्हणजे कॉलम. तिच्या जोडीने तुम्ही कॉलम काढायला निघालात.’’ आबांनी विचारलं, ‘‘म्हणजे मनी कधीच सुटाव नही?’’ बाई म्हणाल्या, ‘‘मी सांगेपर्यंत नाही. आणि मी सांगेन असं वाटत नाही.’’ मग आबांनी दुसरा प्रश्न विचारला, ज्याची मला भीती होती. ‘‘चंपाषष्ठी?’’ बाईंनी मान हलवली. फिटशिवायची दोन वर्षं वाया गेली, आता मोजणी पहिल्यापासून. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

माझ्या डॉक्टरांनी मला काही आठवडे आहे त्याच पायरीवर थांबवलं. मग पुन्हा उतरवत नेलं. तुकडे आता नवरा कापायचा, वेडेवाकडे. कार्तिक सरता-सरता माझी शेवटची पाव सुटली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मीही कुणाला सांगितलं नाही. आबांसमोर ते सांगायचं मला जमेना. ते आता गोळी घ्यायचे, पण घेतात की नाही हे कुणीतरी समोर बसून बघावं लागायचं, तोंड उघडून दाखवायला लावावं लागायचं. त्यांना त्याची लाज वाटायची आणि आम्हाला भीती. एकदा दुपारची गोळी मला उशीखाली सापडली. मी ती उचलून परत त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी घेतली. पण असं किती दिवस चालणार, हे आम्हाला कळत नव्हतं.

चंपाषष्ठीला आम्ही शेतात गेलो. भावकी आली. उन्हाळ्यात आबांनी भरायला लावलेल्या काड्या कोरड्या ठणठणीत होत्या. वांगी भाजायची कुणी, यावर पुरुषांची नेहमीसारखी चर्चा सुरू झाली. मी पदर खोचला आणि जाळापाशी जाऊन बसले. धुरात मला गुदमरल्यासारखं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. नवरा म्हणाला, तू कशाला. मी म्हटलं, आबा, तुम्ही सांगा, मी करते. ते खाटेवर तोंड फिरवून बसले होते. पहिलं वांगं माझ्याकडून एका बाजूने करपलं. दुसरंही करपायला लागल्यावर मात्र त्यांना राहवेना.

‘‘जाळ कमी कर! वांगं जयाले नको, भुंजाले जोयजे. आते पलटाव. देठ धर, देठ!’’

तेवढ्या लांबून ते ओरडत होते आणि मी पलटत होते. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, छातीत जरा धडधड, ती येऊन गेली. भरीत झालं. उत्तम झालं असं म्हणणार नाही. आबांनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर खाल्लं. म्हणाले, मीठ कमी. पोट त्या वर्षी बिघडलं नाही.

जेवणं झाल्यावर त्यांच्या दुपारच्या गोळीची वेळ झाली. मी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन खाटेपाशी बसले. आबांनी गोळी तळहातावर घेतली आणि तशीच धरून ठेवली. मी म्हटलं, ‘‘आबा, सोडायला जोडीदार लागतो. मग धरायला नको का?’’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलून तर गेले, पण पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. त्यांनीच डबा ओढला, शेजारच्या ताटलीतला गुळाचा खडा उचलला, अडकित्त्याने त्याचा एक तुकडा पाडला, माझ्या गोळीएवढा, आणि माझ्या हातावर ठेवला.

‘‘ले. हाई तुनी.’’

आम्ही दोघांनी एकदमच घेतली. ते पाणी प्यायले, मग मी.

तेव्हापासून रोज सकाळी, दुपारी आणि रात्री मी आबांसमोर बसून माझी गुळाची गोळी घेते आणि ते त्यांची. तोंड उघडून दाखवायला आता कुणी सांगत नाही. उशीखाली पुन्हा काही सापडलं नाही. अजून फिट आलेली नाही. चंपाषष्ठीचं विचारलं की डॉक्टरबाई ‘बघू’ म्हणतात.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी जळगावला गेले. बसने, एकटी. पारोळ्याच्या अलीकडे हात घामेजले, पण मी उतरले नाही. आईने कैरीचं पन्हं करून ठेवलं होतं. दुपारी जेवून पडले होते, तेवढ्यात फोन वाजला. आबा.

‘‘लिधी का?’’

मी उठून आईच्या डब्यातून गूळ काढला आणि तोंडात टाकला. म्हटलं, घेतली.

‘‘मंग मी बी लेस,’’ ते म्हणाले, आणि फोन कानाला तसाच ठेवून पाणी प्यायले. तो घोट उतरल्याचा आवाज ऐकू आल्यावरच मी फोन ठेवला.